थांबरेषा

मला गाड्या मोजायला पाठवलं होतं.
बारा ते चार, चौकाच्या चारी बाजू,
दर पंधरा मिनिटांना एक रकाना.
मे महिना, मानेवाडा रोड,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

दीड वाजता माझं गणित चुकू लागलं.
सिग्नल लाल, आणि थांबरेषेपाशी कोणीच नाही.
पांढरा पट्टा एकटा तापत पडलेला.
सगळ्या स्कूटी, सायकली, एक पाण्याचा टँकर
चाळीस पावलं मागे
एका कडुनिंबाखाली दाटून उभे,
लग्नाच्या फोटोत मावायला सरकतात
तसे, खांदा तिरपा करून.
पाटी नव्हती.
हवालदार होता, पण तोही तिथेच.
सावली वीतभर सरकली की
अख्खी रांग वीतभर सरके.

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता.
मी कागद उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर झाडाचा घेर काढला
आणि पेन्सिलच्या तिरप्या रेघांनी भरत बसलो.

रसाच्या ठेल्यावरून पुष्पकला मेश्राम बघत होती.
"सावली मोजता का जी?
मंग तीनले या.
आता ते बुडापाशी झोपून आहे.
तीनले उठते, रोड ओलांडते,
बँकेच्या पायऱ्यायवर जाऊन बसते.
माहा ठेला तिच्याच मागं मागं."

बुंध्याला सिमेंट अगदी भिडलेलं.
रस्ता नवा झाला तेव्हा गळ्यापर्यंत ओतलं होतं.
बोटभर फट उरली होती एका अंगाला,
तिच्यात ती ग्लास विसळलेलं पाणी ओतायची.
जातं का खाली, मी विचारलं.
"जाते म्हणून ओततो.
नसंल जात तरी ओततो."

ऑफिसात हिरवा रंग मीच भरतो.
एकोणीस वर्षं. आधी ब्रशने, आता माऊसने.
एक क्लिक, की बेसाच्या पुढे अकरा एकर बगीचा.
एकदा जाऊन पाहिला तो बगीचा.
दारात कमान, आत खुर्च्यांना सॅटिनचे बो,
वर मोठ्या अक्षरांत कुणाच्या तरी आईचं नाव आणि पुढे 'लॉन'.
प्लास्टिकच्या गवतावर उभा राहून
नवरीचा भाऊ घाम पुसत होता.

डोंगरवार साहेबांनी माझा कागद उजेडात धरला.
"हे काय, चहा सांडला?"
"सावली आहे, सर."
"सावली हलते हो. हलणारी वस्तू
आराखड्यात घेता येत नाही."
गाड्याही हलतातच ना, सर, असं मी म्हणालो.
नाही, म्हणालो नाही.
जिना उतरताना सुचलं.

मग मी एक केलं.
सांगू नये, पण आता चार वर्षं झाली.
त्या रस्त्याच्या दुरुस्तीच्या नकाशात
निंबाच्या चारी बाजूंना चार चौकोन टाकले,
मीटर बाय मीटर,
आणि खाली लिहिलं: तपासणी चेंबर.
गटाराला कोणी नाही म्हणत नाही.
मंजुरी अकरा दिवसांत आली.
ठेकेदाराने सिमेंट फोडलं, पाईप शोधला,
सापडला नाही, शिव्या दिल्या,
आणि खड्डे तसेच टाकून गेला.

माझ्या नगररचनेत
माझ्या हातची म्हणावी अशी जागा तेवढीच,
चार चौरस मीटर,
तीही खोट्या नावावर.

परवा पुन्हा गेलो. सुटी होती, मोजायचं काही नव्हतं.
एका चौकोनात पुष्पकलाने पुदिना लावलाय,
दुसऱ्यात कुत्री व्यालीय.
झाडाला बरं वाटतंय की नाही
हे मला झाडाकडे बघून कळत नाही.
ते काम दुसऱ्या खात्याचं.

गाडी सावलीत लावून उभा राहिलो,
टँकरवाला आणि शाळेच्या व्हॅनच्या मधे.
समोर दूरवर सिग्नल हिरवा झाला.
कोणी हॉर्न वाजवला नाही.
सगळ्यांनी आणखी एक श्वास तिथेच घेतला,
मग एकेकाने पाय जमिनीवरून उचलला.